सहाव्या नंबरची गाय

जनावर आजारी पडलं म्हणून डॉक्टरला बोलवावं आणि डॉक्टरनं त्याला हातही न लावता विचारावं, "ह्यांचा नंबर कितवा?" तर गोठ्याच्या मालकानं काय समजायचं? आमच्या भागातले लोक गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर वाचून दाखवायचे. डॉक्टर मान हलवायचे. "तो सरकारनं दिलेला. मी गोठ्यातला विचारतोय. पाण्यावर पहिलं कोण जातं? कोण आलं की कोण बाजूला होतं? आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं कोण खातं?" ते मालकानं कधी बघितलेलं नसायचं. मग डॉक्टर स्कूटरला बांधलेलं घडीचं स्टूल सोडायचे, गोठ्याच्या कोपऱ्यात मांडून त्यावर बसायचे आणि अर्धा-पाऊण तास नुसते बघत राहायचे. जनावर पोटभर खाऊन बाजूला झालं की स्टूल मिटायचे. स्टूल मिटलं म्हणजे तपासणी संपली, हे हळूहळू सगळ्या गावांना कळलं होतं.

मी त्यांच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले, ती माझी पहिली नोकरी. दवाखाना तळेगावच्या पलीकडे, एका गावाच्या वेशीवर. माणसं तीनच. डॉक्टर, शिपाईमामा आणि मी. लस टोचायची, बिल्ले मारायचे, आठवड्याचा अहवाल तालुक्याला पाठवायचा, ही माझी कामं. पहिल्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं की आमचे साहेब चक्रम आहेत. आई म्हणाली, "चक्रम चालेल, चालू नको." त्या दृष्टीनं मी नशीबवान होते.

डॉक्टर लोणावळ्याचे. रोज लोकलनं तळेगावला यायचे आणि स्टेशनबाहेर ठेवलेल्या स्कूटरनं पुढे. लोणावळ्याचा माणूस म्हटलं की जो तो चिक्की मागतो. डॉक्टरांनी उभ्या नोकरीत कुणाला चिक्कीचा तुकडा दिला नसेल. दाढा हलतात, म्हणायचे. सगळ्यांना 'अहो' म्हणायचे आणि सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. शिपाईमामांना अहो, मला अहो, गाईला अहो. "अहो बाई, जरा पाय उचला," असं ते म्हशीला म्हणत तेव्हा बघ्यांच्यातली पोरंसोरं तोंडावर हात धरून हसायची. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "अरेतुरे ऐकून ऐकून माणसाचं काय होतं ते ठाऊक आहे. जनावराचं काय होतं ते अजून कुणी नीट मोजलेलं नाही. तोवर अहो बरं."

चहाची त्यांची एक रीत होती. सरकारी कचेरीत चहा साहेबांच्या टेबलापासून सुरू होतो आणि खाली येईपर्यंत थंड होतो. आमच्याकडे तो झाडलोट करायला येणाऱ्या बाईपासून सुरू व्हायचा. मग मामा, मग मी, मग बाहेर बैल घेऊन थांबलेला कुणी असेल तर तो, आणि शेवटी डॉक्टर. कितीदा तरी त्यांच्या वाटणीला अर्धा कपच उरायचा. तालुक्याचे साहेब आले असताना मामांनी सवयीनं पहिला कप झाडूवालीला दिला होता. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात त्यांच्या सात कोंबड्या होत्या. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची रबराची कडी. दाणे टाकले की पहिली लाल कडीवाली यायची, शेवटी पांढरी. पांढरीच्या मानेवर पिसं नव्हती, बाकीच्यांनी टोचून टोचून काढलेली. साथ आली की पहिली तीच मान टाकते, असं डॉक्टर सांगायचे. रविवारी ते लोणावळ्याच्या पॉइंटवर जाऊन माकडं बघायचे. पर्यटक दरी बघतात आणि हे दरीकडे पाठ करून माकडांकडे. "वरचा मजेत असतो असं समजू नका," त्यांनी मला एकदा सांगितलं. "टोळीत सगळं स्थिर असलं तर खालच्याला खरूज होते. पण वरच्याची खुर्ची हलायला लागली की त्याच्याही अंगावरचे केस जातात. धाक दोन्हीकडे असतो."

धाक हा त्यांचा आवडता शब्द. औषध लिहून देताना मालकाला म्हणायचे, "औषध रक्तात जाईल. पण रक्त कुणाच्या धाकात आहे, ते तुम्ही बघायचं." मला वाटायचं, वय झालं, एकटे प्रवास करतात, काहीतरी मनाशी धरलंय. मी त्यांच्या मागे त्यांची नक्कलही करायचे. स्टूल मांडून मामांना विचारायचे, "अहो मामा, आपला नंबर कितवा?" मामा पोट धरून हसायचे.

मग सुदुंबऱ्याची मैना आजारी पडली आणि माझं हसणं बंद झालं.

मैना ही एका मावशींची गाय. मावशी वयस्क, विधवा. मुलगा चाकणकडच्या कंपनीत पाळीवर जायचा, सून घर आणि गोठा बघायची. मैना घरच्याच गाईची कालवड, मावशींनी हातानं वाढवलेली. मुलानं नंतर पाच मोठ्या संकरित गाई आणल्या आणि वर्षभरापूर्वी जुना गोठा मोडून मुक्त गोठा केला. म्हणजे दावी काढून टाकायची, कुंपण घालायचं आणि गाई आत मोकळ्या सोडायच्या. तेव्हापासून मैनेचं काही ना काही चालूच होतं. कधी ताप, कधी कासेला सूज, कधी गोचिडांनी कान भरलेले.

पावसाळ्याआधी मी त्या गोठ्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचली होती. सहाही गाईंना, एकाच दिवशी, एकाच बाटलीतून. पुढे साथ आली. पाच गाईंना काही झालं नाही. मैनेच्या तोंडात मात्र फोड आले, खुरांत जखमा झाल्या, लाळ गळायला लागली. मुलगा संतापला. त्यानं तालुक्याला लेखी तक्रार दिली की दवाखान्याच्या बाईंनी खराब झालेली लस टोचली. त्यातून मैना बरी झाली तर चाकणच्या बाजारात नेऊन विकायची, हेही त्यानं घरात जाहीर करून टाकलं.

आणि खरं सांगायचं तर मलाच माझी खात्री नव्हती. त्या दिवशी मी आधी शिरगावच्या गोठ्यांत लस टोचून सुदुंबऱ्याला निघाले होते. गुरुवार होता. साईबाबांच्या देवळाला गर्दी, रस्त्यात गाड्या अडकलेल्या. मी बर्फाची पेटी गाडीवर बांधलेली तशीच ठेवून सावलीला जाऊन पाणी प्यायले होते. पाच मिनिटं? पंधरा? पेटी उन्हात होती एवढं नक्की. लस गरम झाली की मेली. मी वर्षभराच्या परिविक्षेवर होते. ठपका आला असता तर नोकरी गेली असती, आणि माझ्यामुळे एक मुकं जनावर तोंडात फोड घेऊन उभं आहे हे वेगळंच.

खुलासा मागवणारं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं तोंड आलं. जीभ, गाल, ओठांच्या आतून फोडच फोड. डब्यात ताकभात आणायला लागले. तोही झोंबायचा. आठवडा गेला, दोन गेले, बरं होईना. शेवटी मी डॉक्टरांना उन्हातल्या पेटीचं सांगून टाकलं. सांगताना रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेटीत बर्फ होता ना?"

"होता. पण..."

"बाकीच्या पाच धडधाकट आहेत ना?"

"आहेत."

"मग पेटीचं सोडा. तोंड उघडा बघू." जनावरांच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात टॉर्च मारून बघितलं. मग म्हणाले, "उद्या स्टूल घेऊन सुदुंबऱ्याला जाऊ. आपण दोघंही."

आम्ही लागोपाठ तीन सकाळी गेलो. मावशी ओसरीवर पाय पसरून बसलेल्या. गोठा सुनेकडे गेल्यापासून त्यांना तिथं काम उरलं नव्हतं. "डाक्टर, तिला सुई द्या की," त्या म्हणाल्या. "नुसतं बगून काय व्हनार हाय?"

"मावशी, बघणंच राहून गेलंय," डॉक्टर म्हणाले.

सून गव्हाणीत मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा, टाकून गेली की सगळ्या गाई यायच्या. एक काळी, एका शिंगाची, मध्यभागी उभी राहायची. ती नुसतं डोकं वळवायची आणि बाजूच्या दोघी सरकायच्या. त्या सरकल्या की पुढच्या सरकायच्या, आणि शेवटी मैना गव्हाणीपासून लांब, कुंपणाला अंग लावून. मारामारी नाही, आवाज नाही. कुणी येताजाता बघितलं असतं तर म्हणालं असतं की गोठा किती शांत आहे. मैना अर्धवट घास घ्यायची आणि मान वर करून काळीकडे बघायची. पुन्हा घास, पुन्हा मान वर. पाण्यावर तेच. बसायला कोरडी जागा पाचांची, ओली हिची. डॉक्टरांनी खिशातून खडू काढला आणि गोठ्याच्या भिंतीवर एक ते सहा आकडे मांडले. तिसऱ्या सकाळी सहाच्या पुढे मैनेचं नाव लिहिलं.

मग माझ्याशी बोलले, पण माझ्याकडे न बघता. "जुन्या गोठ्यात दावण होती. ज्याची त्याची गव्हाण, ज्याचा त्याचा घास. दावं जनावराला बांधून ठेवतं, तसं राखतंही. मीच ह्या घरी येऊन सांगितलं होतं की दावी सोडा, गाई खूश राहतील. सोडलेल्या गाईंचं आपापसांत काय होतं, हे बघायला मी थांबलो नाही. गाडीची वेळ झाली होती."

"पण लस?" मी विचारलं.

"लस म्हणजे काय, शरीराला शत्रूचा फोटो दाखवायचा. फौज त्याची त्यानं उभी करायची. दिवसभर जे शरीर पळायच्या तयारीत आहे, ते फौज कुठून उभी करणार? सगळं बळ पायांत." हाताचा खडू झटकत म्हणाले, "हे शंभर टक्के असंच झालं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण पैज लावायची तर मी ह्यावर लावीन."

त्यांनी त्याच दिवशी गोठ्याच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला, मैनेसाठी दुसरी गव्हाण मांडायला लावली. जुन्या पिंपाचा अर्धा भाग होता तो. काळीला दिसणार नाही अशा जागी. आणि मावशींना म्हणाले, "रोज सकाळ-संध्याकाळ हिचं खाऊन होईपर्यंत तुम्ही इथं बसायचं. हेच औषध."

"आवो, मी बसून काय करू?"

"काही नाही. बसा. तुम्ही आहात हे तिला कळू दे."

मुलगा कामावरून आला होता. तो कुत्सित हसला. "डॉक्टर, सुई चुकली म्हनून आता खुर्च्या मांडताय व्हय? मी तक्रार मागं घ्यायचो न्हाई."

"घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "पण तिला विकायच्या आधी दीड महिना द्या." त्यानं मावशींकडे बघितलं. मावशी आधीच पिंपाशी जाऊन बसल्या होत्या. तो म्हणाला, "दीडच."

तालुक्याचे साहेब चौकशीला आले ती दुपार मी विसरणार नाही. साहेब खोकत होते. सारखे मोबाइल बघत होते. डॉक्टरांनी लिहिलेला अहवाल त्यांनी मोठ्यानं वाचला. 'रोगी जनावराचा कळपातील क्रमांक : सहावा. मुक्त गोठ्याचा सल्ला निम्नस्वाक्षरीकाराचा. क्रमांक न पाहता दिलेला. चूक माझी.' साहेबांनी कागद टेबलावर टाकला.

"हे मी वर पाठवू? लोक हसतील. पर्यवेक्षक बाईंचा हलगर्जीपणा, एवढी एक ओळ लिहा. विषय संपला. तुम्हाला निवृत्तीला दोन महिने राहिलेत, कशाला अंगावर घेताय?"

मी कपाटाला टेकून उभी होते. तोंडातल्या फोडांमुळे मला बोलताही येत नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, विषय संपेल. पण गोठ्यात काही बदलणार नाही. त्या ओळीखाली माझी सही होणार नाही." मग जरा पुढे वाकून, खरोखरच काळजीनं, त्यांनी विचारलं, "तुमचा खोकला किती दिवसांचा? बदलीचं काही चाललंय का?"

साहेब लालबुंद झाले. चहा न घेता गेले. नंतर कळलं की बदलीचं खरंच चाललं होतं.

त्यानंतर डॉक्टरांचे हाल सुरू झाले. निवृत्तीच्या कागदांत रोज नवी त्रुटी निघायची. त्यांना तालुक्याला बोलवायचे आणि साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचे. एकदा सकाळी गेले ते कचेरी बंद व्हायच्या वेळी परत पाठवले. इतक्या वर्षांचा माणूस, ज्यानं गाईलाही अहो म्हटलं, त्याला तिथला कारकून "ए म्हाताऱ्या, सरक," म्हणाला, हे सोबत गेलेल्या मामांनी स्वतः ऐकलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "मी लिहून देते, पेटी उन्हात होती म्हणून." ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "तुम्ही ताकभात खा आणि गप्प राहा," म्हणाले. मी गप्प राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं त्याची लाजही वाटते.

तिसऱ्या खेपेनंतर ते आलेच नाहीत. घरून फोन आला की नागीण झाली आहे.

दीड महिना होत आला तेव्हा मी सुदुंबऱ्याला गेले. मैना पिंपात तोंड घालून खात होती. मी जवळ गेले तरी तिनं मान वर केली नाही. खुरं भरून आली होती, अंगावर चमक होती. मावशी बाजूला गवतावर बसून तिच्याशी काहीतरी बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, लय खाती आता. पोरानं इकायचं नाव टाकलंय. तकरारीचं बी कागूद माघारी घेतो म्हनलाय." मग लगबगीनं आत गेल्या आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बरणीभर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. "डाक्टरला द्या. म्हनावं, म्हातारी अजून बसती हितं."

मी तशीच लोकलनं लोणावळ्याला गेले. डॉक्टरांचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दार उघडलं. आत डॉक्टर कॉटवर एका कुशीला रेलून होते. अंगावर नुसतं मलमलचं धोतर पांघरलेलं, कारण कापड लागलं तरी आग व्हायची. बरगड्यांवरून पाठीकडे फोडांचा पट्टा गेला होता. चेहरा उतरला होता.

"शेजारचे सांगून गेले, दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो," ते म्हणाले. "काही नाही. लहानपणीच्या कांजिण्या अंगात दबा धरून असतात. राखणदार दमला की बाहेर येतात. बाकावर बसून राखणदार दमला, इतकंच."

मी मैनेचं सांगितलं. तक्रारीचं सांगितलं. मावशी अजून बसतात तेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, "आणि तुमचं तोंड?"

मी भाकऱ्यांचं फडकं आणि बरणी काकूंच्या हातात दिली. तेव्हा काकू म्हणाल्या, "आजारी पडल्यापासून हेच चाललंय ह्यांचं. फोन करून विचारा, त्यांनी तिखट खाल्लं का. मी म्हटलं, असं कुणी विचारतं का परक्या मुलीला!"

डॉक्टर हळूहळू उठून बसले. कळ आली ती गिळली. काकूंना म्हणाले, "अहो, ह्यांना पान वाढा. ती भाकरी आणि तो ठेचा." मी नको नको म्हणत होते, तुम्हाला पाठवलाय म्हणत होते. त्यांनी लक्ष दिलं नाही. भिंतीला टेकवलेलं घडीचं स्टूल ओढलं, माझ्या पानासमोर मांडलं आणि पांघरूण अंगापासून लांब धरून त्यावर बसले.

मी पहिला घास घेतला. ठेचा जहाल होता. जिभेवर पसरला, गालांना लागला, आणि मला कळलं की झोंबतंय ते फक्त मिरचीचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते मिरचीचं नव्हतं, पण मी तसं दाखवलं. मान खाली घालून खात राहिले. एक भाकरी संपली, काकूंनी दुसरी वाढली, तीही खाल्ली. डॉक्टर नुसते बघत होते.

शेवटचा घास झाला आणि मी पाणी प्यायले. तेव्हा ते उठले. उठताना त्यांना फार त्रास झाला. मग त्यांनी स्टूल मिटलं.